जुनी लक्झरी हायब्रिड घेताय? बॅटरीपेक्षा बाकीचं आधी बघा

मार्च 2017 मध्ये लेक्सस भारतात आली, तेव्हा तिच्या आरएक्स 450एच या हायब्रिड एसयूव्हीची शोरूम किंमत 1 कोटीच्या वर होती. पुढच्या वर्षी धाकटी एनएक्स 300एच आली, तीही 50 लाखांच्या वर. आता यातल्या काही गाड्या जुन्या बाजारात दिसू लागल्या आहेत आणि त्यांचे आकडे पाहून चांगल्या चांगल्या संसारी माणसांचं मन चळतं. नव्या इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या मॉडेलला जे पैसे मोजायचे, त्याच्या आसपास लेक्सस दारात उभी राहणार असेल, तर का नको? रात्री जेवणं झाल्यावर घरात हा विषय निघतो. मुलं लगेच हो म्हणतात. आजोबा विचारतात, "बॅटरी गेली तर?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण या गाड्यांच्या बाबतीत तो पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न असा, की गाडी निम्म्या किमतीत मिळाली तरी तिचा हेडलाइट, तिची काच, तिचे टायर आणि तिचा कारागीर निम्म्या किमतीत मिळत नाहीत. गाडीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही. 1 कोटीची गाडी दहा वर्षांची झाली तरी आजारपण 1 कोटीवालीचंच काढते.

हायब्रिड म्हणजे नक्की कोणती?

जाहिरातीत 'हायब्रिड' हा शब्द वाचून हुरळून जाऊ नका, कारण या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या गाड्या विकल्या जातात.

पहिली माइल्ड हायब्रिड. मर्सिडीज जीएलई 450, ऑडी क्यू7ची अलीकडची पेट्रोल आवृत्ती, व्होल्वो एक्ससी60 बी5 या त्यातल्या. यांत 48 व्होल्टची छोटी यंत्रणा असते. ती इंजिनाला थोडा हात देते, पण गाडी नुसत्या विजेवर चालवू शकत नाही. ही गाडी वाईट नाही, फक्त 'हायब्रिड आहे' म्हणून तिला दोन पैसे जास्त देण्याचं कारण नाही.

दुसरी प्लग-इन. व्होल्वो एक्ससी90 टी8 ही आपल्याकडे 2016 पासून आलेली. पुढची चाकं पेट्रोल इंजिनावर, मागची मोटारवर आणि मोठी लिथियम बॅटरी गाडीच्या मधल्या उंचवट्यात. ही रोज घरी चार्ज केली तर उत्तम. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नसेल, तर मात्र तुम्ही त्या बॅटरीचं ओझं पेट्रोलवर वाहत राहता.

तिसरी आरएक्स 450एच किंवा एनएक्स 300एचसारखी स्वतःच स्वतःला चार्ज करणारी, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड. पुढचं सगळं मी मुख्यतः हिच्याबद्दल लिहिते आहे, कारण जुन्या बाजारात धाडस करायचंच असेल तर माझ्या मते ते इथे करावं.

त्यामागे कारण आहे. टोयोटाने प्रायस 1997 मध्ये जपानमध्ये आणली आणि लेक्ससची आरएक्स 400एच 2005 मध्ये अमेरिकेत विकायला आली. म्हणजे ही यंत्रणा आपल्याकडे पोचली तेव्हा तिला बरीच वर्षं झाली होती आणि प्रायस टॅक्सी म्हणून जगभर लाखो किलोमीटर पळून झाली होती. हिच्या पोटात वेगळा स्टार्टर नाही, वेगळा अल्टरनेटर नाही, क्लच प्लेट नाही, टर्बो नाही. दोन मोटार-जनरेटर आणि गिअरचा एक संच मिळून ही सगळी कामं करतात. मागच्या चाकांना वेगळी मोटार असते, त्यामुळे पुढून मागे जाणारा लांब शाफ्टही नाही. जे नाहीच ते बिघडणार कसं?

आता आजोबांची बॅटरी

आरएक्स 450एच आणि एनएक्स 300एच यांच्यात निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची बॅटरी आहे. जुन्या वळणाची, वजनदार, पण सोशिक. ती पूर्ण भरतही नाही आणि पूर्ण रिकामीही होत नाही, गाडीचा संगणक तिला मधल्या पट्ट्यात ठेवतो. म्हणूनच ती वर्षानुवर्षं टिकते. ती अनेक छोट्या मॉड्यूलची मिळून बनते. त्यातलं एखादं कमजोर झालं, की ते बाकीच्यांनाही खाली ओढतं. त्यामुळे 'बॅटरी गेली' म्हणजे बहुतेक वेळा सगळी एका रात्रीत मेली असं नसतं, ती आधी कुरकुरते.

तिचा खरा शत्रू उष्णता. आणि इथे आपल्या घरांतली एक सवय आडवी येते.

ही बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि थंड होण्यासाठी गाडीतलीच हवा ओढून घेते. त्यासाठी सीटपाशी एक जाळी असते. त्या जाळीसमोर आपण काय काय ठेवतो! प्रवासाच्या पिशव्या, पाण्याचे कॅन, आजीची चादर, मुलांच्या चपला. वर चिवड्याचे कण, धूळ आणि घरात कुत्रा असेल तर त्याचे केस. जाळी आणि तिच्यामागचं फिल्टर भरलं, की पंखा घरघरतो, बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. नागपूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली गाडी आतून किती तापते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. अशा वेळी आधी काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. मागे बसलेल्या माणसाला जी हवा सुखाची, तीच बॅटरीलाही सुखाची. फिल्टर साफ करणं हे किरकोळ काम आहे, पण जुन्या गाडीच्या सर्व्हिस नोंदींत ते कितीदा झालं हे जरूर पाहा. तिथे एकही नोंद नसेल, तर पहिल्या मालकाने गाडी कशी वापरली असेल याचा अंदाज येतो.

बॅटरीची तब्येत डोळ्यांनी कळत नाही. अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून तिच्या प्रत्येक गटाचं व्होल्टेज पाहता येतं, त्याचा छापील अहवाल घ्या. विक्रेता "त्याची काय गरज आहे, गाडी एकदम टकाटक आहे" म्हणाला, तर नमस्कार करून निघा. 30 लाखांच्या व्यवहारात काही हजारांची तपासणी ज्याला नको असते, त्याच्याकडून गाडीही नको. बॅटरीची वॉरंटी शिल्लक असेल तर ती नव्या मालकाकडे येते का, हेही लेखी विचारा.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी घ्या, इंजिन थंड असताना, आणि निदान अर्धा तास घ्या. गर्दीच्या रस्त्यावरून न्या. पडद्यावर बॅटरीच्या कांड्या दिसतात. त्या काही मिनिटांत भरून लगेच रिकाम्या होत असतील, तर बॅटरीत दम उरलेला नाही. मोटारवरून इंजिनावर जाताना गाडीने धक्का देता कामा नये. एका सिग्नलला एसी चालू ठेवून थांबा. इंजिन बंद असतानाही थंड हवा येत राहिली पाहिजे, कारण हिचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो.

पूर येऊन गेलेली गाडी

मला या सगळ्या व्यवहारात सर्वांत जास्त भीती कशाची वाटत असेल, तर ती पाण्याची. सप्टेंबर 2022 मध्ये बंगळुरूच्या उच्चभ्रू वसाहतींत महागड्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीच्या पुराने वडोदऱ्यात तेच केलं. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं, 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर. अशा वेळी विमा कंपनी दुरुस्तीपेक्षा गाडीची पूर्ण रक्कम देणं पसंत करते आणि ती भिजलेली गाडी लिलावात जाते. तिथून ती कुठे जाते? धुऊन-पुसून, नवे कार्पेट घालून, दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या चकचकीत शोरूममध्ये.

साध्या गाडीत गुडघाभर पाणी शिरलं तर सीट कुजतात आणि वायरिंग त्रास देतं. इथे सीटखालीच बॅटरी आहे. आरएक्सची बॅटरी 288 व्होल्टची आणि इन्व्हर्टर ते 650 व्होल्टपर्यंत चढवतो. ओलाव्याने आतली जोडणी गंजली तर वर्षभराने, कधी दोन वर्षांनी, डॅशबोर्डवर दिवे लागायला सुरुवात होते. तोवर विक्रेत्याचा फोन बंद झालेला असतो.

म्हणून सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून पाहा, तळाच्या भागावर पाण्याची रेघ किंवा चिखलाचा डाग राहतो. सीटच्या रुळांवरचा गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातली बारीक माती, कार्पेटखालचा कुबट वास बघा. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर विशेष सावध राहा. गाडी कोणत्या शहरात नोंदलेली आहे आणि तिथे कधी पूर आला होता, हे ताडून पाहायला मोबाइलवर दोन मिनिटं लागतात. विम्याचे जुने दावे मागून घ्या. आणि हो, तपासायला नेहमीच्या गॅरेजवाल्याला सोबत नेलंत तर त्याला नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू देऊ नका. तो रंग धोक्याची खूण म्हणूनच दिलेला असतो.

पेट्रोल वाचतं, पण किती?

अमेरिकेच्या सरकारी चाचणीत आरएक्स 450एच गॅलनला सुमारे 30 मैल देते, म्हणजे लिटरला साडेबारा किलोमीटरच्या आसपास. तेवढ्याच आकाराची साधी पेट्रोल एसयूव्ही 9 देते असं धरू. महिन्याला 1000 किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाचं वर्षाला साधारण 370 लिटर पेट्रोल वाचेल. लिटरला 100 रुपये धरले तर 37 हजार. वाईट नाही. पण आरएक्सच्या चाकांना 20 इंची टायर लागतात. चार टायर एकदम बदलायची वेळ आली, की वर्षा-दोन वर्षांची ही बचत तिथेच संपते.

सरकारनेही हायब्रिडवर माया दाखवली आहे. 2022 पासून थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात साडेसात टक्के सवलत आहे. 1500 सीसीवरच्या गाडीचा हा हप्ता 7,897 रुपये, म्हणजे सवलत झाली सुमारे 600 रुपये. एवढ्यात पाच-सहा लिटर पेट्रोल येतं!

विम्याचा मोठा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा असतो आणि तिथे काटा टोचतो. गाडी काही वर्षांची झाली, की बहुतेक कंपन्या झीरो डेप्रिसिएशन देत नाहीत. म्हणजे बंपर किंवा दिवा फुटला तर बिलाचा बराच भाग तुमच्या खिशातून. एनएक्स आणि आरएक्स परदेशातून तयार होऊन येत, त्यामुळे त्यांचे अनेक भागही मागवावे लागतात. गाडी तीन आठवडे वर्कशॉपमध्ये उभी आहे आणि तुम्ही रिक्षाने ऑफिसला चाललात, हे दृश्य डोळ्यांसमोर आणूनच निर्णय घ्या.

तेव्हा पेट्रोल वाचवायचं म्हणून ही गाडी घेऊ नये. पैसे वाचवणाऱ्यासाठी नवी हायक्रॉसच योग्य. तीही स्ट्राँग हायब्रिड, तिला वॉरंटी आणि तिचा कारागीर जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी. लेक्सस घ्यायची तर तिच्या सुखासाठी घ्यावी. ते सुख खरं आहे, खोटं कशाला बोला. पहाटे पाचला सोसायटीतून निघताना एकाही शेजाऱ्याची झोप मोडत नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला सीटवर चढावंही लागत नाही आणि वाकावंही लागत नाही. तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलं तरी गाडीत चिडचिड होत नाही, कारण इंजिन बहुतेक वेळ गप्प असतं. आणि गंमत म्हणजे जिथे इतर गाड्या पेट्रोल पितात, त्या शहरातल्या थांब-चालीतच हिचं मायलेज चांगलं येतं, कारण प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परत मिळते. ब्रेक पॅडही त्यामुळे जास्त टिकतात. उलट रोज हायवेवर 120च्या वेगाने धावणाऱ्याला हायब्रिडचा फारसा फायदा होत नाही.

अमेरिकेतला मामेभाऊ काय म्हणतो ते सोडा

प्रत्येक घरात न्यू जर्सीचा किंवा कॅलिफोर्नियाचा एक मामेभाऊ असतो. त्याची आरएक्स दोन लाख मैल चालली आणि तिला काही झालं नाही, असं तो व्हिडिओ कॉलवर सांगतो. तो खरंच सांगतो. पण त्याच्या गावात हायब्रिड दुरुस्त करणारी स्वतंत्र गॅरेजं आहेत, अपघाती गाड्यांमधून काढलेले भाग मिळतात, बॅटरीचं एक मॉड्यूल बदलून देणारे कारागीर आहेत. आपल्याकडे या गाड्या मुळातच थोड्या विकल्या गेल्या. त्यामुळे त्यांच्याभोवती तसा बाजार उभा राहिलेला नाही. गाडी तीच, गाव वेगळं.

म्हणून पैसे द्यायच्या आधी नकाशा उघडा. ही गाडी उघडून दुरुस्त करू शकेल असं अधिकृत वर्कशॉप तुमच्या घरापासून किती लांब आहे? मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्लीत राहत असाल तर ठीक. बेळगावी, जबलपूर, नांदेडला असाल, तर वर्षातून किती वेळा ट्रकवर घालून गाडी पाठवायची तुमची तयारी आहे? दोन-तीन तासांच्या पलीकडे वर्कशॉप असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, घेऊ नका. आणि जवळ असेल तरी गाडीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम बँकेत वेगळी ठेवून मगच घ्या. ती बाजूला काढल्यावर मुलीच्या शिक्षणाला हात लागणार असेल, तर गाडी तुमच्या ऐपतीबाहेर आहे, मग हप्ता कितीही कमी दिसो.

पार्किंगही मोजा. आरएक्स जवळपास 4.9 मीटर लांब आणि वजनाला 2 टनांच्या वर आहे. यांत्रिक पार्किंगच्या पाळण्याची वजनाची मर्यादा सोसायटीकडून आधी विचारून घ्या.

घरात आल्यावर

बटण दाबलं तरी ही गाडी आवाज करत नाही, फक्त डॅशबोर्डवर 'रेडी' उमटतं. घरातल्या सगळ्यांना याचा अर्थ समजावून सांगा. 'रेडी' असताना मुलाने खेळत गिअर टाकून पाय दाबला, तर गाडी निघते. शिवाय बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. अमेरिकेत किल्ली न फिरवता सुरू होणाऱ्या गाड्या बंद गॅरेजमध्ये चालू राहून कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली आहेत. बंगल्याच्या खाली बंद गॅरेज असेल, तर उतरताना दिवा विझला का हे पाहण्याची सवय लावून घ्या.

हायब्रिड 'सुरूच होत नाही' असं झालं, की सगळे मोठ्या बॅटरीच्या नावाने गळा काढतात. बहुतेक वेळा गेलेली असते ती छोटी 12 व्होल्टची बॅटरी, जी संगणक जागा करते. महिनाभर गावी जाऊन आलात की हे हमखास घडतं. ती बदलणं तुलनेने स्वस्त आहे. गाडी उभीच राहणार असेल, तर आठवड्यातून एकदा मोकळ्या जागेत अर्धा तास 'रेडी'मध्ये ठेवा. आणि शेजाऱ्याची गाडी बंद पडली तर हिच्यावरून जंप देऊ नका, शेजारधर्म दुसऱ्या मार्गाने पाळा.

घाट उतरताना बॅटरी लवकर भरते आणि मग वीज साठवायला जागा उरत नाही. लांब उतारावर गिअर 'एस' किंवा 'बी'वर घेतला, की इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत.

इंधनाचंही एक आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि या गाड्या त्याआधीच्या. टाकीच्या झाकणावरचं लेबल आणि मॅन्युअल वाचा. शंका असेल तर वर्कशॉपकडून लेखी उत्तर घ्या.

कागद

22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट 40 टक्के जीएसटी झाला. त्याआधी मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हीवर सेससह 50 आणि हायब्रिडवर 43 टक्के होता. नव्या गाड्या उतरल्या की जुन्यांनीही उतरायला हवं, भाव करताना हे बिनधास्त काढा. 2025 पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत विक्रेत्याला त्याच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. थेट घरगुती मालकाकडून घेतली तर तो प्रश्न येत नाही.

या वर्गातल्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या नावावर असतात. मग विकणाऱ्याला सही करण्याचा अधिकार असल्याचा कंपनीचा ठराव हवा. कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 हवा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म 28ची एनओसी, आणि 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्या राज्यात ठेवायची तर तिथे नव्याने नोंदणी आणि रोड टॅक्स. या किमतीच्या गाडीवर तो टॅक्स काही लाखांत जाऊ शकतो, म्हणून दिल्लीची गाडी स्वस्त दिसली तरी आधी आरटीओत आकडा काढून घ्या. दिल्लीच्या गाड्या स्वस्त का दिसतात, त्याचं एक कारण तिथल्या वयाच्या बंदीत आहे. त्या आदेशांत डिझेलला 10 वर्षं आणि पेट्रोलला 15 वर्षांची मर्यादा होती. हायब्रिड पेट्रोलमध्ये मोडते, तेव्हा घाबरून विकणाऱ्यांत डिझेलवालेच जास्त सापडतील. 2018ची हायब्रिड तिथे कोणी मातीमोल विकत असेल, तर कारण वेगळं आहे, ते शोधा.

फॉर्म 29 आणि 30वर सह्या झाल्या की 14 दिवसांच्या आत विमा स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही. प्रलंबित चलनं व्यवहाराच्या दिवशीच परिवहनच्या संकेतस्थळावर पाहा. एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागली आहे का तेही बघा. दोन्ही किल्ल्या घ्या, कारण अशा गाडीची दुसरी किल्ली करणं महागात पडतं. जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि त्याच्या मोबाइलचं ब्लूटूथ, घराचा पत्ता, फोनबुक हे सगळं गाडीच्या पडद्यावरून त्याच्यासमोरच पुसून टाका.